दोन मिलिमीटर

आधी नाक दिसलं,
मग धुकं, मग उरलेली गाय.
पाखारेसच्या उतारावर, सकाळी सातला.
लिव्हर मुठीला टेकेपर्यंत ओढला,
एकुलत्या एका पिस्टननं
विचार करायला वेळ घेतला,
आणि एकोणऐंशी सालची माझी यामाहा
थांबली ती गायीमुळे,
ब्रेकमुळे नव्हे.

गायीनं फुटलेला दिवा हुंगला, मला हुंगलं,
आणि गवताकडे वळली,
जणू रोजच कुणीतरी
तिच्या अंगावर येऊन थांबतं.

ओलेगारियो मामा म्हणाला, "ब्रेक कशाला?
गिअर आहेत, पाय आहेत."
म्हणता म्हणता चष्मा पुसून
चाकापाशी बसलाही होता.
एकतीस वर्षं खाणीच्या वर्कशॉपात गेली त्याची.
खाण मिटली तेव्हा त्यानं
लेथ भंगाराच्या भावात घरी आणला.
मामी म्हणते, सवत आणली.

जुना कॅलिपर उघडला.
आत कॉफीसारखं तेल,
संत्र्याच्या वाळक्या सालीसारखं सील,
पिस्टनला गंजाची दाढी.
याच्या भरवशावर मी
अकरा हिवाळे घाट उतरले.

नवा म्हणजे नवा नव्हे.
खिखोनच्या भंगारवाल्याकडचा, चार पिस्टनांचा.
एका कडेला डांबराचा लांब ओरखडा.
गाडी कुणाची होती
ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

सायडरच्या खोक्याचा पुठ्ठा कापून
मामानं आधी माप घेतलं,
मग जाड अॅल्युमिनियमची पट्टी,
दोन भोकं इकडे, दोन तिकडे.
सगळं बसलं. चाक फिरवलं.
टिक. टिक. टिक.
स्पोक घासत होते.
दोन मिलिमीटर!
इथंच घोडं पेंड खात होतं.

मी म्हणाले, वॉशर घालू.
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
की वॉशर खिशात परत गेला.

लेथ फिरायला लागला, पांढरी कात
मुळ्याच्या किसासारखी पायाशी पडायला लागली,
आणि माझ्याकडे पाठ करूनच तो बोलला:
"पिंजऱ्याचे ब्रेक माझ्याकडे होते.
रोज पहाटे रिकामा पिंजरा तळापर्यंत सोडायचो,
थांबला की मग माणसं.
कुणी कधी आभार मानले नाहीत.
सुखरूप वर आलेला माणूस
जेवायला जातो."

मग नवी स्टीलच्या जाळीची नळी,
पारदर्शक पाईप, लोणच्याची बरणी.
दाब, सोड नको, आता सोड.
बुडबुडे संपता संपेनात.
शेवटी लिव्हर सुतळीनं मुठीला बांधून
आम्ही झोपायला गेलो.
रात्रभर हवा आपापली वर निघून गेली.
सकाळी लिव्हर हाताला लागला
घट्ट, तळाशी दगड लागावा तसा.

मी हेल्मेट घातलं, किल्लीला हात लावला.
किल्ली नव्हती.

चौऱ्याहत्तर वर्षांचा ओलेगारियो मामा
दाराबाहेर, गाडीवर,
डोक्याला लोकरी टोपी, किकवर पाय.
"उतर," मी ओरडले, "वेड लागलंय का?"
"रिकामा पिंजरा आधी," तो म्हणाला,
आणि धडधडत नदीच्या रस्त्यानं गेला.

पुलापाशी वळताना दिसला.
मग नुसता आवाज:
वाढला, तुटला, पुन्हा वाढला, तुटला.
मोजत राहिले. पंधरा वेळा.
सोळाव्यांदा तुटला
आणि बराच वेळ काहीच आलं नाही.

मी चालत निघाले. मग पळत.

पॉप्लरच्या झाडाखाली गाडी उभी होती.
डिस्कमधून पॅडचा करपट वास येत होता.
तो गुडघ्यावर बसून
पुढच्या फोर्ककडे बघत होता.
"थांबते," म्हणाला. "पण नाक फार खाली घालते.
जोर कुठे जात नाही गं, पुढच्याच्या गळ्यात पडतो.
आता स्प्रिंगा बदलायला हव्यात."

हात धरून उठवलं त्याला.
त्याचे गुडघेही वाजले,
आणि त्या आवाजावर
दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही.
किल्ली माझ्या हातात ठेवून तो म्हणाला,
"जा. मी चालत येतो.
मामीला सांग, वाढून ठेव."